देवीचे माहात्म्य आणि स्त्रीचा शब्द : विक्का पंथ व भोर-वेल्हे परिसरातील देवताकल्पनांची तौलनिक चिकित्सा

प्रास्ताविक

विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये आकाराला आलेल्या विक्का या पंथाने पाश्चात्त्य धर्मविचारापुढे एक प्रश्न नव्याने ठेवला. ईश्वर केवळ पुरुषरूपातच का कल्पावा? या पंथात देवी आणि देव अशी दोन तत्त्वे मानली जातात आणि बहुतेक शाखांत देवीला अग्रस्थान दिले जाते. एका पुरुषरूपी ईश्वराच्या परंपरेत वाढलेल्या समाजाला ही मांडणी बंडखोर वाटली. मराठी वाचकाला मात्र तिचे फारसे नवल वाटणार नाही. पुणे शहराच्या नैर्ऋत्येस असलेल्या भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांकडे पाहिले, तर तोरण्यावर मेंगाई, राजगडावर पद्मावती, शिरकोलीला शिरकाई, वरंध घाटात वाघजाई अशी देवीस्थाने डोंगरोडोंगरी आढळतात. भोरच्या दक्षिणेस, वाई तालुक्याच्या हद्दीत, मांढरदेवची काळूबाई आहे.

या वरवरच्या साम्यावरून एक निष्कर्ष सहज काढला जातो. जेथे देवीची पूजा होते तेथे स्त्रीला मान असतो, असे पाश्चात्त्य देवीवादी लेखनात गृहीत धरलेले दिसते. आपल्याकडील गौरवपर लेखनही त्याच वाटेने जाते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा केली आहे. त्यासाठी देवतायुग्माची कल्पना, नीतिनियमांचे स्वरूप आणि देवतेच्या वतीने बोलण्याचा अधिकार हे तीन निकष घेतले आहेत.

विक्का पंथाची जडणघडण

इंग्लंडमधील जादूटोणाविषयक जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाला. त्यानंतर १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर (१८८४–१९६४) यांचे ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. हा ख्रिस्तपूर्व निसर्गधर्माचाच अवशेष आहे, असा गार्डनर यांचा दावा होता. त्यामागे मार्गारेट मरे यांनी १९२१ मध्ये मांडलेला सिद्धान्त होता. चेटकिणी म्हणून ज्यांचा छळ झाला, ते लोक एका प्राचीन धर्माचे अनुयायी होते, असे मरे यांचे म्हणणे होते. इतिहासकारांनी हा सिद्धान्त पुढे अमान्य केला. रोनाल्ड हटन यांनी १९९९ मधील ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ या ग्रंथात विक्का हा आधुनिक काळात घडलेला धर्म असल्याचे साधार दाखवले.

पंथातील देवी अनेकदा त्रिरूप मानली जाते : कुमारी, माता आणि वृद्धा. या कल्पनेला लोकप्रियता मिळाली ती कवी रॉबर्ट ग्रेव्हज यांच्या १९४८ मधील ‘द व्हाइट गॉडेस’ या ग्रंथामुळे. तिचा जोडीदार शिंगधारी देव आहे. ऋतुचक्राबरोबर तो जन्मतो, देवीशी त्याचा विवाह होतो, तो मरण पावतो आणि पुन्हा जन्म घेतो. देवी मात्र अखंड राहते. येथे स्त्री आणि पुरुष ही विश्वाची दोन पूरक टोके मानली आहेत. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत झुझान्ना बुडापेस्ट यांनी केवळ देवीला मानणारी, केवळ स्त्रियांची शाखा उभी केली. स्टारहॉक यांच्या १९७९ मधील ‘द स्पायरल डान्स’ने देवीविचाराची सांगड स्त्रीवादाशी आणि पर्यावरण चळवळीशी घातली.

भोर-वेल्ह्यातील देवता : युग्म की एकाकी देवी?

विक्काची देवी विश्वव्यापी आहे. कोणत्याही देशातील देवी तिचेच एक रूप ठरते. भोर-वेल्ह्यातील देवी याउलट स्थलबद्ध आहे. मेंगाई तोरण्याची आहे आणि वाघजाई घाटवाटेची आहे. या नावांच्या अखेरीस ‘आई’ किंवा ‘जाई’ येते. मातृत्व नावातच आहे. तरीही यांपैकी अनेकींच्या शेजारी पती नाही. त्या डोंगराच्या, गडाच्या, वाटेच्या धनिणी आहेत.

पुरुषदेवाशी त्यांचा संबंध कसा येतो, यासंबंधी दा. ध. कोसंबी यांनी १९६२ मधील ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात केलेली मांडणी महत्त्वाची आहे. पुण्याच्या परिसरातील मातृदेवतांची स्थाने त्यांनी पायी हिंडून पाहिली. मातृदेवता अन्नसंकलक समूहांच्या आणि पुरुषदेव नंतर आलेल्या पशुपालकांचे, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोन समूहांत संघर्ष असेल तेथे देवी महिषाला मारते आणि समूह एकत्र आले तेथे तिचे त्याच्याशी लग्न लागते. शेजारच्या पुरंदर तालुक्यातील वीर येथे म्हस्कोबा आणि जोगूबाई यांचे लग्न यात्रेत आजही लावले जाते. म्हस्कोबाच्या धनगरी परंपरेचा अभ्यास गुंथर सोन्थायमर यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात केला.

यावरून असे दिसते की, विक्कातील देवदेवींचा विवाह हे निसर्गाचे रूपक आहे, तर येथील विवाह हा बहुधा दोन समाजांतील तहाचा अवशेष आहे. त्याला ‘स्त्री-पुरुष तत्त्वांचे मीलन’ असे नाव दिले की त्यातील इतिहास पुसला जातो. कोसंबी यांच्या मांडणीतील काही दुवे अनुमानाचे आहेत, हे मान्य करूनही हा भेद टिकून राहतो.

नीती : कोणाला अपाय, कोणाला जाब?

कोणालाही अपाय होणार नसेल तर आपल्या इच्छेप्रमाणे वागावे, हे विक्का नीतीचे सार आहे. त्याला जोड आहे ती त्रिगुणित परतफेडीच्या समजुतीची : केलेले बरेवाईट तिपटीने परत येते. ही नीती व्यक्तिकेंद्री आहे. निर्णय व्यक्तीचा आणि परिणामही तिलाच भोगावा लागतो.

देवराईची नीती निराळी आहे. देवीच्या राईतील झाड तोडायचे नाही, अनेक ठिकाणी वाळलेले लाकूडही उचलायचे नाही. गरज पडलीच तर देवीचा कौल घ्यायचा. कोप झाला तर तो एकट्यावर होत नाही, गावावर होतो. त्यामुळे राखणही गावाची. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे वनस्पतिशास्त्रीय मोल दाखवून दिले. ‘अपाय करू नये’ हे सर्वसाधारण तत्त्व जे साधू शकत नाही, ते ‘या राईत कुऱ्हाड न्यायची नाही’ हा नेमका निर्बंध साधतो.

परंतु या नीतीला दोन मर्यादा आहेत. पहिली म्हणजे ती हद्दीपुरती चालते. राईबाहेरचा डोंगर उघडा पडला तरी देवीला त्याचे काही नसते. आणि ज्या समूहामुळे निर्बंध टिकतो तो विस्थापित झाला, तर निर्बंधही सैल होतो. धरणांच्या या प्रदेशात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. भाटघर जलाशयात गेलेले कांबरेश्वर मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावरच दिसते. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. अनेक देवरायांत मासिक पाळीच्या काळात स्त्रियांना प्रवेश नाकारला जातो. स्थान देवीचे, पण निषेध स्त्रीदेहाचा, हा अंतर्विरोध गौरवपर लेखनात सहसा नोंदवला जात नाही.

देवीच्या वतीने कोण बोलते?

खरा प्रश्न येथे उभा राहतो. विक्कातील एका प्रमुख विधीत चंद्रदेवतेला प्रमुख पुजारिणीच्या देहात आवाहन केले जाते आणि ती देवी म्हणून बोलते. या प्रसंगी उच्चारल्या जाणाऱ्या मजकुराला डोरीन व्हॅलियंट यांनी रूप दिले. म्हणजे देवीचा शब्द स्त्रीने घडवला. तरीही १९५७ मध्ये व्हॅलियंट गार्डनर यांच्यापासून दूर झाल्या. पुजारिणीने वय झाल्यावर तरुण स्त्रीसाठी जागा सोडावी, असा दंडक गार्डनर यांनी प्राचीन म्हणून पुढे केला, हे त्यामागील एक कारण होते. देवीच्या तीन रूपांत वृद्धेला मान असलेल्या पंथातच प्रौढ स्त्रीला बाजूला सारण्याचा हा प्रयत्न होता, हे लक्षणीय आहे.

आपल्याकडे पूजेचा मान बहुधा गुरवाकडे आणि कौल लावण्याचा मान पुरुषांकडे असतो. स्त्रीला देवीचा शब्द मिळतो तो अंगात आल्यावर. एरवी घरात जिचे कोणी ऐकत नाही, ती त्या घटकेला सासऱ्यालाही नावाने हाक मारते, अडलेला प्रश्न मांडते आणि सारे हात जोडून ऐकतात. मात्र वारे उतरले की अधिकारही उतरतो. हा अधिकार देवीचा असतो, त्या स्त्रीचा नसतो.

याची दुसरी बाजू भीषण आहे. अलौकिक शक्तीचा संबंध जोडूनच एखाद्या स्त्रीला, विशेषतः विधवेला वा एकट्या स्त्रीला, चेटकीण ठरवले जाते. विक्काचे अनुयायी ‘विच’ हा शब्द अभिमानाने धारण करतात; कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनीही ‘बिलव्हेड विच’ हे आत्मकथन त्याच भूमिकेतून लिहिले. पण त्याचे मराठीत ‘चेटकीण’ असे भाषांतर करताना एक भान हवे. शहरी, शिक्षित स्त्रीसाठी जी स्वयंनिवड आहे, ती खेड्यातील स्त्रीवर लादलेला आरोप असते. महाराष्ट्राने २०१३ मध्ये केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात एखादी व्यक्ती करणी करते असे सांगून तिला त्रास देणे हा गुन्हा मानला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या कायद्यासाठी दीर्घकाळ प्रयत्न केले आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला त्यांची हत्या झाली. या कायद्याचा रोख श्रद्धेवर नसून श्रद्धेच्या नावाने होणाऱ्या इजेवर आहे. अपाय न करण्याचे विक्काचे तत्त्व आणि हा कायदा एका मुद्द्यावर एकत्र येतात : देवतेचा शब्द हे इजेचे समर्थन ठरू शकत नाही.

समारोप

विक्का पंथाची देवी आधुनिक निवडीतून घडली, भोर-वेल्ह्यातील देवी भूमीतून आणि समूहांच्या इतिहासातून. एकीची नीती व्यक्तीला आवाहन करते, तर दुसरीची नीती गावाला बांधते. दोहोंतही देवीचे माहात्म्य मोठे आहे आणि दोहोंतही त्या माहात्म्याने स्त्रीचा अधिकार आपोआप सिद्ध होत नाही. तेव्हा एखाद्या परंपरेतील स्त्रीचे स्थान तपासताना देवता स्त्री आहे की पुरुष, एवढे पाहून भागणार नाही. देवतेचा शब्द कोण उच्चारते, तो कोण खरा ठरवते आणि वारे उतरल्यावर त्या स्त्रीच्या स्वतःच्या शब्दाला काय किंमत राहते, हे पाहावे लागेल. मेंगाई आणि वाघजाई यांच्याविषयी आदर बाळगणाऱ्या अभ्यासकालाही हा प्रश्न टाळता येणार नाही.