ख्रिस्ती कीर्तन : श्रद्धा, भ्रमंती आणि उपजीविका

प्रस्तावना :
रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची ओळख आपल्या अभ्यासक्रमांतून प्रामुख्याने ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून करून दिली जाते. त्यांच्या भक्तिपर रचनेचा विचार होतो तोही छापील कवितेच्या अंगाने. ही रचना टाळ-मृदंगाच्या साथीने गाण्यासाठी होती आणि ती गाणाऱ्यास गावोगावी फिरावे लागे, ही बाब दुर्लक्षितच राहते. या भ्रमंतीचा श्रद्धेशी असलेला संबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कीर्तनाचा स्वीकार :
१८६० च्या दशकात अहमदनगर परिसरात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. पूर्वरंगातील निरूपण आणि उत्तररंगातील आख्यान ही चौकट कायम राहिली; आख्यानात येशूचे चरित्र व दाखले आले. ‘पाश्चात्त्य आशयासाठी वापरलेले देशी साधन’ असे याचे वर्णन केले जाते. हे वर्णन अपुरे आहे. कीर्तन हा केवळ साचा नव्हे; त्यासोबत कीर्तनकाराच्या आचरणाचे दंडकही येतात.

श्रोत्यांची जाण :
कुर्डुवाडीच्या वाचकास हे वेगळे सांगावयास नको. बार्शी लाईट रेल्वे १९०६ मध्ये पंढरपुरास पोहोचली आणि हे जंक्शन वारकऱ्यांच्या वाटेवरील गाडी बदलण्याचे ठिकाण झाले. या मुलखातील श्रोता अभंग कानाने जाणतो. गायकाचा सूर चुकला तर तो क्षमा करील, परंतु आचरण चुकल्यास करणार नाही. हरिकथेचे मोल घेऊ नये, हा वारकरी परंपरेचा दंडक त्याच्या मनात पक्का असतो. मग मिशनच्या वेतनावर गाणाऱ्याचे निरूपण त्याने कोणत्या नात्याने ऐकावे?

वेतनत्याग :
१० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आल्याचे मानले. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या शिष्यांनाही स्थान होते. या निर्णयामागे परकीय मिशनच्या वर्चस्वाविषयीची अस्वस्थता होती, हे खरे. तथापि, प्रस्तुत लेखकाच्या मते कीर्तन-अभंगाच्या परंपरेने घातलेली अटही त्यामागे दिसते. ज्या वाणीने ते गात होते, तिने निर्वाहाचा मार्गही बदलावयास लावला. ‘अभंगांजली’तील समर्पणभाव या पार्श्वभूमीवर वाचल्यास तो अनुकरण ठरत नाही.

घराची बाजू :
या त्यागाचे गौरवीकरण करताना लक्ष्मीबाई टिळकांची साक्ष टाळता येणार नाही. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हाती पैसा न ठेवणारे, अचानक प्रवासास निघणारे टिळक भेटतात आणि त्यामागे संसाराची ओढाताण सोसणारी पत्नीही भेटते. फिरत्या भक्ताच्या निःसंगतेची किंमत घरातील स्त्रीने मोजलेली असते. लक्ष्मीबाईंचा विनोद ही किंमत लपवीत नाही, म्हणूनच तो ग्रंथ भक्तिपर काव्याचे मोलाचे भाष्य ठरतो. टिळकांचे ९ मे १९१९ रोजी निधन झाले. वेतनाविना चालणारा हा प्रयोग त्यांच्या हातून जेमतेम दोन वर्षे झाला. त्यामुळे त्याच्या यशाविषयी ठाम विधान करणे धाडसाचे होईल.

समारोप :
ख्रिस्ती कीर्तन ‘ख्रिस्ती साहित्य’ या स्वतंत्र कप्प्यात ठेवल्याने दोन्हीकडचे नुकसान होते. कीर्तनपरंपरेच्या अभ्यासातून तिची एक शाखा गळते आणि टिळकांची कविता तिच्या श्रोत्यांपासून तुटते. पदव्युत्तर वर्गात ‘अभंगांजली’, ‘स्मृतिचित्रे’ आणि वारकरी कीर्तन ही तिन्ही एकत्र अभ्यासली जावीत. गाणारा कोणाच्या भाकरीवर गातो आणि ती भाकरी कोण भाजते, हे प्रश्न भक्तिकाव्याच्या समीक्षेबाहेरचे नाहीत.