तेच शब्द, दुसरी संहिता : रॉक संगीतातील 'कव्हर'विषयी

गीताची संहिता म्हणजे त्याचे छापील शब्द, आणि चाल, आवाज, वाद्यमेळ हे त्या शब्दांचे केवळ अलंकरण, हे गृहीतक साहित्यसमीक्षेने फार काळ बाळगले आहे. बॉब डिलन यांना २०१६ साली नोबेल पारितोषिक जाहीर झाल्यावर जो वाद झाला, त्यातही हे शब्द कागदावर टिकतात की नाही याचीच चर्चा प्रामुख्याने झाली. या गृहीतकाची खरी परीक्षा पाहावयाची असेल तर रॉक आणि मेटल संगीतातील 'कव्हर' या प्रकाराकडे वळावे लागते. तेथे शब्द बहुधा जसेच्या तसे राहतात आणि अर्थ मात्र जागचा हलतो.

'कव्हर'ला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. 'पुनर्गायन' म्हटले तर वादनाचा भाग निसटतो. 'रूपांतर' म्हटले तर शब्द बदलल्याचा भास होतो. संज्ञेचा पूर्वेतिहासही निर्मळ नाही. लिटल रिचर्ड या कृष्णवर्णीय गायकाचे 'टूटी फ्रूटी' १९५५ साली आले. पॅट बून या गोऱ्या गायकाने १९५६ मध्ये त्याचे सोज्ज्वळ कव्हर केले आणि ते लोकप्रियतेच्या यादीत मूळ गाण्याच्याही वर गेले. 'आंतरसंहितात्मकता' ही संकल्पना आपण ज्या निरागसतेने वापरतो, तिला हे उदाहरण अडचणीचे आहे. एका संहितेने दुसरीवर लिहिणे ही कित्येकदा बाजारातील जागा बळकावण्याची कृती असते.

तथापि सगळी कव्हर या जातीची नाहीत. डिलन यांचे 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' डिसेंबर १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले (रोलाँ बार्त यांचा लेखकाच्या मृत्यूविषयीचा निबंधही त्याच वर्षीचा, हा योगायोग आहे, पण नोंदवण्याजोगा) आणि जिमी हेंड्रिक्स यांनी अवघ्या काही आठवड्यांत, जानेवारी १९६८ मध्ये, त्याच्या ध्वनिमुद्रणाला हात घातला. मूळ गाणे अडीच मिनिटांचे, ध्रुवपद नसलेले, तीन कडव्यांचे. पहिल्या दोन कडव्यांत विदूषक आणि चोर यांचा संवाद. तिसऱ्यात अचानक टेहळणीचा बुरूज आणि दुरून येणारे दोन स्वार. कथानक उलटे लावले आहे, शेवट हाच खरा आरंभ आहे, असे निरीक्षण अनेक अभ्यासकांनी केले आहे. संवाद आणि बुरूज यांच्या मधली जागा डिलन रिकामी सोडतात. हेंड्रिक्स यांचे दीर्घ गिटारवादन नेमके त्याच जागी, दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यांच्या मध्ये येते. ते एका सुरावटीचे नाही. त्याचे स्वरूप टप्प्याटप्प्याने पालटत जाते, आणि ते संपून तिसरे कडवे सुरू होते तेव्हा आपण बुरुजापर्यंतचे अंतर चालून आलो आहोत असे वाटते. शब्दांनी जे सांगितले नाही ते येथे सांगितले गेले आहे, आणि तेही एकही शब्द न वाढवता. याला भाष्य म्हणावे लागेल. पुढे, १९७४ पासून, खुद्द डिलन हे गाणे हेंड्रिक्स यांच्या वळणाने गाऊ लागले. जेरार जनेत यांनी १९८२ च्या 'पालिंप्सेस्त' या ग्रंथात पूर्वसंहिता आणि उत्तरसंहिता यांची जी उतरंड कल्पिली, ती येथे उलटी वाहू लागते.

'द साउंड ऑफ सायलेन्स'चे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. डिस्टर्ब्ड या मेटल समूहाने २०१५ साली त्याचे कव्हर केले, तेव्हा मूळ गाण्याचे पावित्र्य बिघडले अशी तक्रार झाली. पण मूळ कोणते? सायमन आणि गारफंकेल यांच्या १९६४ च्या अल्बममध्ये ते केवळ अकूस्टिक गिटारच्या साथीने होते व तो अल्बम पडला. १९६५ मध्ये निर्माते टॉम विल्सन यांनी गायकांना न कळवता त्यावर विजेची गिटार, बास आणि ड्रम चढवले. जानेवारी १९६६ मध्ये अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचले ते हे दुसरे रूप. पावित्र्याचा मुद्दा तेथेच निकालात निघतो.

उरतो प्रश्न मूल्यमापनाचा. मूळ रूपांत माणसांमधील संवादाच्या अभावाविषयी दोन आवाज एकमेकांना बिलगून गातात. आशय एकाकीपणाचा आणि आविष्कार सहवासाचा, हा ताण त्या गाण्याचा प्राण आहे. डेव्हिड ड्रेमन एकटे गातात. आरंभी पियानोसोबत अगदी खालच्या स्वरात, नंतर वाद्यवृंद भरत जातो तसतसे वर चढत. ज्या ठिकाणी निवेदकाचे शब्द लोकांपर्यंत पोहोचत नाहीत असे गाणे सांगते, तेथेच हा आवाज सर्वांत मोठा होतो. ओरडूनही ऐकू न जाणे, असा याचा अन्वय लावता येतो आणि तो प्रभावी आहे. पण वाद्यवृंदाच्या विजयी उत्कर्षबिंदूत त्या अपयशाला जागा उरत नाही, असे मला वाटते. २०१६ मधील दूरचित्रवाणीवरील सादरीकरणानंतर पॉल सायमन यांनी ड्रेमन यांना कौतुकाचे पत्र पाठवले, हे खरे. परंतु कवीची पसंती हा काव्यार्थाचा पुरावा मानण्याचे आपण केव्हाच सोडून दिले आहे.

मराठी अभ्यासकाला सर्वांत जवळचे उदाहरण कदाचित जूडास प्रीस्ट या मेटल समूहाचे असेल. जोन बाएझ यांचे १९७५ चे 'डायमंड्स अँड रस्ट' हे डिलन यांच्याशी असलेल्या जुन्या नात्याचे स्मरण आहे. १९७७ मध्ये रॉब हॅलफर्ड यांनी ते गायिले. इंग्रजी क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग सांगत नाही, म्हणून ओळी तशाच ठेवूनही बोलणारा पालटू शकतो. मराठीत हे गाणे आणू पाहणाऱ्याला 'विसरले' की 'विसरलो' हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागेल. ज्ञानदेवांच्या नावावरील विराण्यांत पुरुष कवी स्त्रीच्या क्रियापदांनी बोलतो आणि वाचक तो संकेत ओळखतो. येथे संकेतच नाही. १९९८ साली हॅलफर्ड यांनी आपली समलैंगिकता जाहीर केल्यानंतर त्या जुन्या ध्वनिमुद्रणातील पुरुषाला उद्देशून असलेली आर्तता श्रोत्याला वेगळी ऐकू येऊ लागली. वस्तुतः त्यातील एक स्वरही दरम्यान बदललेला नव्हता.