सुटीतील प्रेम आणि घरातील मुले

एकट्या पालकांच्या प्रेमकथेची कसोटी तीत मुलांना कोणते स्थान मिळते यावरून लागते. नॅन्सी मायर्स यांच्या ‘द हॉलिडे’ (२००६) या चित्रपटात नाताळच्या सुटीत लॉस एंजेलिसहून इंग्लंडात आलेली नायिका ज्याच्यावर अनुरक्त होते, तो दोन मुलींचा विधुर पिता आहे, हे तिला उशिरा, त्याच्या दारात उभी राहिल्यावर कळते. मुली येथे केवळ एक रहस्य ठरतात. चित्रपट वर्षअखेरीच्या रात्री संपतो. सुटी सरल्यावर काय, हा प्रश्न तसाच राहतो.

बासू चटर्जी यांचा ‘खट्टा मीठा’ (१९७८) नेमक्या त्याच प्रश्नाला हात घालतो. मुंबईच्या पारशी समाजातील चार मुलग्यांचा विधुर पिता (अशोककुमार) व तीन मुलांची विधवा माता (पर्ल पदमसी) विवाहबद्ध होतात. पण सात अपत्ये एका छपराखाली नांदावयाची कशी? येथे जिव्हाळा रोजच्या भांडणांतून मिळवावा लागतो. मुंबईत जागा न पुरलेली कुटुंबे ज्या पनवेलला स्थिरावली, तेथील वाचकास हा पेच परका वाटू नये.

१८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा ते एका मुलाचे पिता होते. गोदूबाई मात्र निरपत्य बालविधवा होत्या. आपल्याकडील पुनर्विवाहाचा वाद मुख्यतः बालविधवेभोवतीच फिरला. मुले असलेल्या विधवेचा संसार ‘खट्टा मीठा’ने मध्यभागी आणला. केवळ हलकाफुलका म्हणून त्याची उपेक्षा करणे समीक्षेस शोभणारे नाही.