शिवराईची किंमत

'घरात शिवराई असेल तर तुम्ही लखपती' म्हणणाऱ्या रील्सवर माझा आक्षेप साधा आहे: त्या नाणं वाचतच नाहीत. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. मुघल नाण्यांवर फारसी असताना ही देवनागरी तांब्याच्या सुट्ट्या पैशांवर उमटली. महाराजांनंतरही, अगदी पेशवाईतही, शिवराया पाडल्या जात राहिल्या. म्हणून बहुतेक शिवराया दुर्मीळ नाहीत. भाव ठरतो तो प्रकार कोणता, अक्षरं किती पूर्ण उमटली आणि झीज किती यावर. चिंचेने घासून लखलखीत केलेली तर संग्राहकाच्या नजरेतून उतरतेच. रील्सना तिचं मुबलक असणं लपवावं लागतं. मला तेच तिचं खरं मोल वाटतं: राजाचं नाव बाजारात हातोहात फिरलं ते त्यामुळेच.