निनावी नऊजण

बेसबॉलच्या चित्रांचे संग्राहक मोल ठरवतात ते नावावरून. सिगारेटच्या पाकिटातून मिळणारे होनस वॅग्नरचे इवलेसे चित्र २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरना विकले गेले! त्याच सुमारास अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतील हौशी संघांनी काढवून घेतलेली छायाचित्रांची पोस्टकार्डे त्यापुढे कवडीमोल. रसिकाला मात्र तीच अधिक मोलाची वाटावीत.

१९०३ साली कोडॅकने पोस्टकार्डाच्या आकाराची फिल्म घेणारा घडीचा कॅमेरा काढला. १९०७ पासून तिथल्या टपालखात्याने पत्त्याशेजारी मजकूर लिहिण्याची मुभा दिली. मग काय, गावचा संघ कार्डावर छापून आप्तेष्टांना धाडता येऊ लागला.

या चित्रांत शैली नाही, पण सच्चेपणा आहे. छातीवर गावाचे नाव, पायाशी बॅटी, कुणाचा सदरा ढगळ. उद्या पुन्हा शेतावर किंवा दुकानात जाणारी ही माणसे. अशा साध्या कार्डांचे मर्म थोर छायाचित्रकार वॉकर इव्हान्सने ओळखले होते. त्याने जमवलेली सुमारे नऊ हजार पोस्टकार्डे आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत.

परंतु चित्र ही अर्धीच कृती. ‘डावीकडून तिसरा मी’ एवढे पाठीमागे लिहिलेले असले, तरी चेहऱ्याला माणूस लाभतो. कार्ड वहीत डिंकाने चिकटवणारा संग्राहक नेमका तोच माणूस पुसून टाकतो. नामवंतांची स्मारके पुष्कळ आहेत. या नऊजणांचे स्मारक साडेपाच इंचांचे, आणि तेही दोन्ही बाजूंनी जपले तरच.