हुरडा कुणी चोळला?

तिसरी पाळी सुटली की आम्ही सूतगिरणीतले तिघंचौघं सरळ खोलीवर जाऊन आडवे होतो. त्या दिवशी नाही झालो. केसांत कापसाची तूस तशीच, डोळे चुरचुरताहेत, आणि आम्ही यष्टी धरून आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी कृषी प्रदर्शनात शिरलो. जाण्याचं कारण माझा चुलता. तो एका बागायतदाराकडं सालगडी आहे. त्यानं राखलेल्या ज्वारीच्या कणसाला पहिला नंबर आला, असा त्याचा आदल्या रात्री फोन. त्या कणसाकडं शेवटी येतो. आधी आपण प्रदर्शन वाचू. वाचू म्हणतो, कारण प्रदर्शन हेही एक पुस्तकच असतं. कुणीतरी ते मांडतो, कुणालातरी आत घेतो, कुणाला गाळतो. मग त्याची समीक्षा का होऊ नये? समीक्षा काय फक्त दोन पुठ्ठ्यांतल्या मजकुराची करायची असते काय?

पहिली पानं यंत्रांची. ट्रॅक्टर, ठिबक, औषध फवारणारं ड्रोन. पुढं खिलार बैल, शिंगं रंगवलेली, अंगावर झूल. मग डोक्यावरून जाणारा ऊस, दोघांनी उचलावा असा भोपळा. हे सगळं ठीक आहे. पोरं बघतात, शेतकरी चार गोष्टी विचारतात, मलाही खिलाराची जोडी बघून बरं वाटलं. नाही कशाला म्हणू?

खरं पुस्तक सुरू होतं ते 'गावरान' मंडपात. कडक भाकरी, शेंगाचटणी, ठेचा, पिठलं, हुलग्याचे शेंगोळे, धपाटे. बाजूला खड्डा खणून आगटी पेटवलेली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसलेली. हुरड्याचं ताट दीडशे रुपये. माझ्या एका पाळीच्या पगाराचा तिसरा हिस्सा. आणि मंडपाच्या मागं खेडं उभं केलेलं, गवताच्या छपरांचं. आड, चावडी, पार आणि बारा बलुतेदारांचे पुतळे. सुतार रंधा मारतोय, कुंभार चाकावर बसलाय, चांभार टाके घालतोय, मांग दोर वळतोय. पाटी 'बारा बलुतेदार' अशी. मी मोजले. सवय आहे, आमच्या खात्यात चात्या मोजाव्या लागतात. अकरा भरले. पुन्हा मोजले. अकराच.

महार नव्हता.

तिथं बिल्ला लावून एक कॉलेजचं पोरगं उभं होतं. त्याला विचारलं, "भाऊ, बारावा कुठाय?" त्यानं इकडंतिकडं बघितलं, कागद बघितला आणि म्हणाला, "जागा पुरली न्हाई, दादा."

मित्रांनो, त्या पोराचा मला राग आला नाही. इतकं खरं वाक्य त्या अख्ख्या मंडपात दुसरं नव्हतं.

आता मराठी ग्रामीण कथा आठवा. थंडी, शेकोटी, शहरातून आलेले पाहुणे, तात्यांचं शेत, हिरव्या दाण्यांचा वास, वर गूळ आणि दही. वाचताना तोंडाला पाणी सुटतं. पण कणसं कुणी खुडली? आगटीजवळ धुरात कोण बसलं? कूस टोचते ती कुणाच्या तळव्याला? कथेत दाणे नुसते पत्रावळीवर येऊन पडतात. सगळेच लेखक असे नाहीत. आनंद यादवांची 'झोंबी' (१९८७) वाचा, कुळाच्या घरातली उपासमार तिथं उघडी आहे. पण एका 'झोंबी'मागं असल्या हुरड्याच्या कथा किती?

मी आज्जीला विचारलं होतं, "आज्जे, तू हुरडा खाल्लायस का गं?"

"खाल्लाय की. आमीच चोळायचो न्हवं. दोन दोन पायल्या. चार दाणं तोंडात टाकलं की मालकीण बगायची. मग त्वांड हलवायचं न्हाई, दाणं तसंच गालात धरायचं. घरी जाईस्तवर इरगळायचं."

गालात धरलेला हुरडा. ही चव कुठल्या पाकशास्त्रात आहे? हीच आज्जी बाहत्तरच्या दुष्काळात कामावर खडी फोडत होती. सुकडी आणि रेशनची लाल मिलो खाऊन तिनं ते वर्ष काढलं. मिलोचं नाव काढलं की आजही थुंकते.

आपल्या समीक्षक मंडळींचे शब्द एकदा निवडून बघा. रस, रसिक, आस्वाद, रुची, अभिरुची. आस्वादक समीक्षा नावाचा एक पंथच आहे. सगळे शब्द ताटावरचे, आणि तेही भरल्या ताटावरचे. नऊ रसांत भूक नाही. ज्यानं जेवून हात धुतला त्यानं साहित्याला नावं ठेवली, ती आपण शाळेत पाठ केली आणि आता आपल्याच कवितेला विचारतो, हिच्यात रस आहे का? मी तर बारावीत शाळा सोडली, त्यामुळं मला ते नीट पाठ झालंच नाही. फायदाच झाला म्हणायचा.

प्रदर्शनात ज्वारीचा एक वेगळा कक्ष होता. मालदांडी ३५-१ हे वाण आपल्याच जिल्ह्यात, मोहोळच्या केंद्रावर निवडलेलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं आणि आपल्या सरकारनं ज्वारी-बाजरीला 'श्रीअन्न' असं नाव दिलं. काळ्या रानातल्या भाकरीच्या मागं 'श्री' लागला. चांगलंय. पिकवणाऱ्याला भाव मिळणार असेल तर दोन 'श्री' लावा.

पण याच जिल्ह्यात अक्कलकोट तालुक्यात हन्नूर नावाचं गाव आहे. तिथल्या शरणकुमार लिंबाळेंनी १९८४ साली 'अक्करमाशी' लिहिलं. त्यात संतामाय आहे, त्यांची आजी. सुगीत गुरं कणसं खातात, दाणे न पचता शेणात येतात. संतामाय ते शेण गोळा करते, नदीत धुते, दाणे वाळवते, दळते, भाकरी करते. नातू त्या भाकरीचा घास तोंडात घालून बघतो आणि शेणाचा वास त्याच्या जिभेवर बसतो. जिल्हा तोच, पीक तेच. मानांकनाच्या फलकावर मातीचा कस, थंडी, दव, दाण्याचा मोत्यासारखा रंग असं सगळं लिहिलेलं होतं. त्या फलकाशेजारी 'अक्करमाशी'तलं ते एक पान लावायला किती जागा लागली असती? मी सोबतच्या दोस्तांना म्हणालो तर एक जण म्हणाला, "अरे, लोकांना वकाऱ्या येतील, समोर जेवायलेत." मग येऊ द्या की. आमच्या बायांनी खाल्लं, तुम्ही निदान वाचा.

इथं आपल्या आपल्यातच एक भांडण आहे, ते झाकून चालणार नाही. शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरात काय शिजत होतं, ते त्यांनी नावानिशी लिहिलं. रक्ती, वजडी, चान्या, येसूर. लाज नाही आणि रडगाणंही नाही. पाककृती आहे आणि कुणी काय खायचं हे कुणी ठरवलं याचा हिशेबही आहे. २०२४ ला त्याचं इंग्रजीही झालं. आणि योगायोग बघा, ज्या २०१५ साली हे पुस्तक निघालं त्याच साली राज्यातला गोवंशबंदीचा कायदा गाय-वासरांवरून बैल आणि वळूपर्यंत वाढला. पुस्तकात जेवण आलं आणि बाजारातून गेलं.

आमच्या गिरणीतला एक कार्यकर्ता या पुस्तकावर खवळतो. तो म्हणतो, "बाबासाहेबांनी महाडला १९२७ च्या मार्चमध्ये सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं-शिळं मागणं सोडा. आपल्या आज्यांनी पोटाला चिमटा घेऊन सोडलं. आता तुम्ही त्याच्या पाककृती छापता? उद्या प्रदर्शनात स्टॉल मागाल."

त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. सोडताना काय पडलं असेल ते त्याच्या घरानं भोगलंय. पण मला वाटतं तो दोन गोष्टी एकात कालवतो. महाडला बाबासाहेबांनी तोडायला सांगितलं ते नातं, मढं ओढायचं आणि त्याच्या मोबदल्यात तेच खायचं, दारोदार ओरडून भाकरी मागायची. विसरा असं ते म्हणाले नाहीत. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये त्यांनी स्वतः गोमांसाचा प्रश्न अस्पृश्यतेच्या उगमाशी नेऊन ठेवला. जे शरमेनं झाकायचं ते त्यांनी इतिहासाचा पुरावा म्हणून वापरलं. आणि तोंडाचा विटाळ म्हणाल तर आमच्याच धंद्यातलं बघा. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नव्हते, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. पगार त्याच खात्यात जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. थुंकीचा विटाळ आणि पगाराचा आकडा एकाच धाग्यात होते.

स्टॉलच्या बाबतीत मात्र मी खवळणाऱ्या दोस्ताच्या बाजूला झुकतो. कारण वेगळं आहे. उद्या त्या गावरान मंडपात चान्यांचा एक कोपरा मिळाला, वर आपल्यातल्याच कुणाचा फोटो लागला, तर काय होईल? पांढरपेशे येतील, 'किती वेगळी चव' म्हणतील, आणि अकरा पुतळे बारा होतील. पाटोळ्यांच्या पुस्तकाचं मोल त्यातल्या हिशेबात आहे. हिशेब कापून नुसती पाककृती उचलणारे निघतीलच, आणि त्यात आपलेही काही असतील.

मी प्रदर्शनातला स्पर्धेचा अर्ज मागून वाचला. पीक, वाण, क्षेत्र, आणि सोबत सातबारा उतारा जोडावा. संपलं की इथंच! ज्याच्या नावावर रान नाही त्याचं कणीस स्पर्धेत येऊच शकत नाही, मग ते त्यानं छातीवर वाढवलेलं का असेना. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गाववतनं गेली. वेठीला ओढणारा दोर तुटला, ते बरंच झालं. पण रान? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारोंनी तुरुंग भरले, ते या सातबाऱ्यासाठी. आपल्या कवितेत गावकुस आहे, वेस आहे, चावडी आहे. सातबारा फार कमी आहे. माझ्याही कवितेत नाही, मी काल वही उलटून बघितली.

तर चुलत्याचं कणीस. टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवलेलं, मुठीएवढं, दाणे टपोरे. खाली पाटी, पहिला क्रमांक आणि मालकाचं नाव. चुलता धुतलेला सदरा घालून आला होता. गेल्या पाडव्याला त्यानं पुन्हा त्याच मालकाकडं साल धरलं. मला बघून खुलला.

"आपलं कणीस पैलं आलं बग."

'आपलं' म्हणाला. मी सगळी भाषणं गिळली. ज्याला मी सालभर शोषणाचं गणित समजावतो, तो माणूस आनंदात होता, आणि त्याचा आनंद खोटा नव्हता. त्यानं कणसावरची तूस बोटानं काढायला हात पुढं केला.

"काका, हात लावू नका," बिल्लेवाला म्हणाला.

चुलत्यानं हात मागं घेतला. मग माझ्याकडं फोन दिला, फोटो काढ म्हणाला. मी विचारलं, पाटी येऊ द्यायची का फोटोत? "येऊ दे की. मालकाचंच हाय. पर कणीस नीट दिसू दे." दोन फोटो काढले. परत येताना रस्त्यात चहा घेतला तेव्हा म्हणाला, "तू लिवतूस न्हवं? मग ह्ये लिव की."

काय लिहू विचारलं.

"पाखरं कशी राखली त्ये. दीड महिना. उजाडायच्या आदी माळ्यावर चढायचं, दिस बुडल्यावर उतरायचं. गोफणीनं खांदा गेलाय ह्यो बग."

सदरा बाजूला करून त्यानं खांदा दाखवला. मग आम्हाला दुसऱ्या दिवशीची पाळी होती, यष्टी लागली होती.