गांडीव कोणाच्या हातात? टूर द फ्रान्स आणि सायकलीचे राजकारण

सायकल शर्यतीविषयी लिहिणारे बहुतेक लेखक सायकलीविषयी लिहीत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे. घाट, ऊन, घाम, एकट्याने मारलेली मुसंडी यांना पानेच्या पाने मिळतात. ज्या वस्तूवर बसून हे सगळे घडते ती मात्र घोड्यासारखी गृहीत धरलेली असते. आणि घोड्याला निदान नाव तरी असते. रोलाँ बार्थने ‘मिथॉलॉजीज’मध्ये (१९५७) टूर द फ्रान्स महाकाव्य म्हणून वाचली. खेळाडूंच्या नावांबद्दल, व्हाँतू पर्वताच्या क्रूर दैवतरूपाबद्दल त्याने लिहिलेले आजही ताजे वाटते. पण त्या महाकाव्यातल्या शस्त्रांकडे त्याचे फारसे लक्ष नाही. गांडीव वगळून महाभारत सांगता येईल का?

सायकलीवर कोणता भाग चालेल आणि कोणता नाही, हा निर्णय निव्वळ तांत्रिक कधीच नसतो, असे माझे म्हणणे आहे. तो कथनाचा निर्णय असतो आणि पात्राला तो क्वचितच घेता येतो.

आँरी देग्रांजपासून सुरुवात करू. ‘लोतो’ या क्रीडापत्राचा हा संपादक. १९०३ साली टूर सुरू झाली ती पत्राचा खप वाढावा म्हणून. देग्रांजला नायक एकाकी हवा होता, म्हणून सायकल मोडली तर ज्याची त्याने दुरुस्त करायची, असा नियम. १९१३ साली तूर्माले घाट उतरताना यूजेन क्रिस्तोफच्या सायकलीचा पुढचा चिमटा तुटला. सायकल खांद्यावर टाकून तो मैलोगणती चालत सेंत-मारी-द-काँपाँ गावातल्या लोहाराकडे पोचला. पंच शेजारी उभे. क्रिस्तोफने स्वतःच लोखंड तापवले, ठोकले, जोडले. तेवढ्या वेळात एका पोराने भाता हलवला, म्हणून त्याला वेळेचा दंड झाला. ही गोष्ट नेहमी जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते. मला त्यात जिद्दीइतकाच संपादकाचा हात दिसतो. भात्यावरचा पोरगा कथेत घुसला असता तर नायकाचे एकटेपण उणावले असते.

गिअरचे प्रकरण याहून बोलके आहे. साखळी एका दंतचक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा डिरेलर फ्रान्समधले हौशी प्रवासी कधीच वापरू लागले होते. सेंत-एतिएनचा पॉल द व्हिव्ही, म्हणजे ‘व्हेलोसिओ’, विसाव्या शतकाच्या आरंभापासून बदलत्या गिअरचा प्रचार करत होता. टूरच्या व्यावसायिकांना मात्र हे यंत्र १९३७ पर्यंत वर्ज्य. त्यांच्या मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन वेगळ्या दातांची चक्रे असत. घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, चाक काढायचे, उलटे बसवायचे आणि चढायला लागायचे. माथ्यावर पुन्हा तेच. देग्रांजचा युक्तिवाद असा की असले गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी. तरुणाने स्नायूंच्या बळावर जिंकावे. वाक्य म्हणून हे टाळीचे आहे. पण पाय दुसऱ्याचे असताना तपश्चर्येचे सौंदर्यशास्त्र मांडणे सोपे असते.

एक गोष्ट देग्रांजच्या पदरात टाकली पाहिजे. सायकल कंपन्यांचे संघ आपसांत संगनमत करून शर्यत गिळत आहेत, हे त्याचे निदान चुकीचे नव्हते. १९३० साली त्याने राष्ट्रीय संघ आणले आणि सर्वांना आयोजकांच्या एकसारख्या पिवळ्या सायकली दिल्या. कंपन्यांचा पैसा आटल्यावर चॉकलेट आणि इतर मालाच्या जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा शर्यतीपुढे धावू लागला. सायकल कंपनीच्या हातून सुटली आणि संपादकाच्या हातात गेली. खेळाडूच्या हातात ती तेव्हाही आली नाही.

हे दुखणे ओळखणारा लेखक माझ्या मते एकच, आल्बेर लाँद्र. १९२४ मध्ये ‘ल पती पारिझियँ’साठी वार्तांकन करताना कुताँसच्या एका उपाहारगृहात त्याला आँरी आणि फ्राँसिस हे पेलिसिए बंधू व मोरिस व्हिल भेटले. तिघांनी शर्यत सोडली होती. कारण? एक जर्सी. पहाटेच्या गारठ्यात घातलेले कपडे ऊन चढले तरी टाकायचे नाहीत, सुरुवातीला अंगावर असलेले सगळे शेवटपर्यंत न्यायचे, असा नियम होता. आदल्या वर्षीच्या विजेत्या आँरीचा कपडा उचलून पंचाने खाली किती जर्सी आहेत ते तपासले. लाँद्रच्या त्या वृत्तान्तातली कोकेनची बाटली सर्वांच्या लक्षात राहिली. मला जर्सी अधिक महत्त्वाची वाटते. कामगाराच्या झडतीचा तो प्रसंग आहे.

पुढे नियम करणारा बदलला. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने १९९६ मध्ये लुगानो सनदेत माणूस यंत्राहून श्रेष्ठ, असे तत्त्व घोषित केले आणि २००० पासून सायकलीचे किमान वजन ६.८ किलो ठरले. तत्त्व उदात्त; आवाज मात्र देग्रांजचाच ऐकू येतो.

आज मर्यादा घालणारा संपादक उरला नाही, ग्राहक शोधणारा कारखानदार आहे. डिस्क ब्रेकचे पाहा. २०१६ च्या पॅरिस-रूबे शर्यतीनंतर फ्रान्सिस्को व्हेंतोसोने आपल्या पायाची जखम डिस्कमुळे झाल्याचे सांगितले, चाचणी थांबली, पुढल्या वर्षी पुन्हा सुरू झाली आणि २०१८ मध्ये ब्रेक रीतसर मान्य झाले. भर पावसात डिस्क ब्रेक चांगले धरतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. जुन्या रिम ब्रेकसाठी गळा काढणाऱ्यांत मी नाही. पण एगान बेर्नालने २०१९ ची टूर रिम ब्रेकवर जिंकली, तेव्हा दुकानांतल्या महागड्या सायकली डिस्ककडे वळत चालल्या होत्या. जे विकायचे तेच खेळाडूच्या बुडाखाली द्यायचे, हा व्यवहार आहे आणि पगार त्यातूनच निघतो. त्याला ‘निवड’ म्हणू नये, एवढेच.

२०१८ मध्ये आयर्लंडच्या ॲक्वा ब्लू संघाला पुढे एकच दंतचक्र असलेल्या सायकली मिळाल्या. रस्त्यावरच्या शर्यतीत दोन चक्रांची सवय असलेले खेळाडू वैतागले, संघमालकानेही जाहीर नाराजी व्यक्त केली, त्याच वर्षी संघही मोडला. अर्थात मोडण्याचे खापर केवळ सायकलीवर फोडणे अन्याय होईल. कारण तेच एकच चक्र २०२३ च्या जिरो शर्यतीत प्रिमोझ रोग्लिचने मोंते लुस्सारीच्या भयंकर चढासाठी वापरले. त्याची साखळीही ऐन चढात निसटली! तरी तो तो टप्पा जिंकला आणि अखेर १४ सेकंदांनी जिरोही. चक्र एकच, एका ठिकाणी ते वर्षभरासाठी माथी मारलेले, दुसऱ्या ठिकाणी एका दिवसासाठी, एका चढासाठी बेतलेले. तंबोरा जुळवलेला मिळणे आणि आपल्या स्वराला जुळवून घेणे यांतला हा फरक आहे.

म्हणून मला २०२२ ची मिलान-सान रेमो विलक्षण आवडते. मातेय मोहोरिचने संघाच्या साथीने हिवाळाभर त्या एका शर्यतीचा विचार केला आणि डोंगरी सायकलीवरचा एक भाग आपल्या सायकलीला बसवला: चालू शर्यतीत सीट खाली करता येणारा दांडा. त्याने वजन थोडे वाढते. पोज्जोच्या चढावर हा तोटाच. पण सीट खाली गेली की शरीर जमिनीजवळ येते, वळणावर सायकल अधिक वाकवता येते. उताराला लागताच तो सुटला, दोन-तीन ठिकाणी पडता पडता वाचला आणि कोणाच्या हाती लागला नाही. नियमांत त्या दांड्याला मनाई नव्हती. कोणी विचारच केला नव्हता.